बोटभर सरकलेला बुलिन

मित्रांनो, मी एक म्हातारा बुलिन आहे. लिंबापेक्षा थोडा लहान, ऑलिव्हच्या लाकडाचा छोटा गोळा, अंगावर एक चीर पडलेला. दाल्मेशियाच्या एका बेटावर, तुतीच्या झाडाखालच्या अंगणात माझे आयुष्य गेले. बालोतेच्या खेळात आधी मला फेकतात आणि मग दोन्ही पक्ष आपापले मोठे लाकडी गोळे माझ्या जवळ टाकायला बघतात. ज्याचा गोळा माझ्या सर्वांत जवळ, त्याचा गुण. मी कुणाला हरवत नाही, कुणाला जिंकवत नाही, नुसता पडून असतो. तरीही माझ्यापायी एका धडधाकट माणसाची होडी दगडांवर पालथी पडली, आणि ते मला फार लागून राहिले आहे.

मला घडवले बार्तुल सुताराने. तो होड्या बांधायचा. एका हिवाळ्यात बुरा नावाच्या थंड, सोसाट्याच्या वाऱ्याने त्याच्या मळ्यातले ऑलिव्हचे जुने झाड मुळासकट उपटले. त्याच्या बुंध्यातून त्याने आठ मोठे गोळे काढले आणि उरलेल्या तुकड्यातून मला. मोठे गोळे स्वतःला फार शहाणे समजत. पण खेळ सुरू झाला की सगळ्यांची नजर माझ्यावर असायची, हे सांगताना मला आजही थोडा गर्व होतो.

बार्तुलच्या मागे मी त्याच्या सुनेकडे, पेरिनाकडे आलो. उन्हाळ्यात संत रोकच्या सणाला सारे कुटुंब तिच्या अंगणात जमायचे. भाजलेले मासे, अंजिरे, पाणी घातलेली वाइन असे सगळे आटोपले की काय खेळायचे यावरून हमखास भांडण. मुलांना लपाछपी हवी, बायकांना पत्ते, पेरिनाच्या मुलाला, दिन्कोला, आपले नवे बॅडमिंटन. पेरिना पाच मिनिटे सगळ्यांची कटकट ऐकून घ्यायची. मग ॲप्रनच्या खिशातून मला काढून अंगणात भिरकवायची. बुलिन जमिनीवर पडला की खेळ ठरला, ही आमच्या घरची रीत. त्यावर कुणी ब्रही काढत नसे.

दोन गोळ्यांपैकी कोणता जवळ हे नजरेने कळले नाही की पेरिना बोरूची काडी घेऊन वाकायची. ती अंतर मोजून सांगेल ते अंतिम. मोजताना बुलिनला धक्का लागला तर मोजणाऱ्याने लगेच ‘हलला’ म्हणून ओरडायचे आणि तो डाव पुन्हा खेळायचा, असा नियम होता. पेरिनाला मात्र ते कधी ओरडावे लागले नव्हते. तिचा हात हलत नाही, असे गावात म्हणत. तिलाही ते ऐकायला आवडायचे.

शिमुन हा तिचा धाकटा दीर. मासेमारी करणारा, बोलायला फटकळ, नजर घारीची. खडकांमधून होडी काढावी तर त्यानेच. पहाटेच्या जाळ्यातला पहिला वाटा तो वहिनीच्या दारात ठेवायचा आणि वर ऐकवायचा, “घ्या वहिनी, तुमच्या दिन्कोला मासा फक्त ताटात ओळखता येतो.”

त्या वर्षीच्या सणाला शेवटच्या डावात एका बाजूला शिमुनचा गोळा होता, दुसऱ्या बाजूला दिन्कोचा. दोन्ही माझ्या अगदी जवळ.

“माझाच जवळ,” शिमुन उभ्या उभ्या म्हणाला.

“काका, आता चष्मा घ्या,” दिन्को हसला. “वय झालं.”

“चष्मा? अरे, माझा गोळा जवळ नसेल ना, तर माझे डोळे गेले असं समज! आणि डोळे गेलेल्या माणसानं होडीला हात लावू नये. उद्याच काढतो पाण्याबाहेर. सगळ्यांसमोर सांगतोय.”

“आता मोज गं आई,” दिन्को म्हणाला, “काकांच्या होडीत मी कोंबड्या पाळीन.”

पेरिना वाकली. नेमक्या त्याच वेळी शेगडीवरच्या माशांची चरबी पेटून मोठा भडका उठला, पोरे किंचाळली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पेरिनाने काडी शिमुनच्या गोळ्याला टेकवली. तिचे दुसरे टोक माझ्यापाशी आले, थरथरले आणि मला लागले. मी गोल आहे, मित्रांनो. मला धरून राहायला काहीच नसते. मी शिमुनच्या गोळ्यापासून बोटभर दूर सरकलो.

पेरिनाने ते पाहिले. तिने तोंड उघडलेसुद्धा. पण तोवर सगळे पुन्हा वाकून बघत होते, आणि ‘हलला’ म्हणणे म्हणजे आपला हात कापतो हे साऱ्या गोतावळ्यासमोर कबूल करणे. तिने ओठ मिटले, दोन्ही अंतरे मोजली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “दिन्कोचा.”

शिमुन हसला नाही, भांडलाही नाही. तो खाली बसून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. “मला तर जवळ दिसत होता,” एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने होडी किनाऱ्यावर ओढली आणि दगडांवर पालथी घातली. सगळ्यांना वाटले, आठवड्यात राग उतरेल. पण तो राग नव्हताच. त्याला खरेच वाटले होते की आपली नजर दगा देऊ लागली आहे. एकदा मनाने घेतले, आणि डोळे शाबूत असताना तो पायऱ्या पायाने चाचपत उतरू लागला.

पेरिनाने मला कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात अगदी तळाशी टाकले आणि घरात सांगितले, बुलिन हरवला. पुढच्या सणाला मुलांनी माझ्या जागी लिंबू ठेवून पाहिले. ते पहिल्याच गोळ्याखाली चिरडले. मग अक्रोड आणला, तो कुणीतरी खाल्ला. मग बालोते बंदच पडले आणि अंगणात बॅडमिंटनची जाळी लागली.

मी डब्यात पडून होतो. चिमटे काढताना पेरिनाची बोटे मला लागली की ती चटका बसल्यागत हात मागे घ्यायची. कधी मला मुठीत धरून खिडकीशी उभी राहायची. तिथून पालथी होडी दिसायची. उन्हाने तिचा रंग उडाला, फळ्या आक्रसल्या. इकडे कोरड्या डब्यात माझ्याही अंगाला चीर गेली. तेल नाही, हात नाही, माती नाही. दुखले मला, पण कुणाला दोष देऊ? हललो तर मीच होतो.

दर रविवारी ती शिमुनला दारात बोलावून ताजा पाव, अंजिराची वडी असे काहीबाही द्यायची. एकदा तो वैतागला. “वहिनी, मी आजारी नाही हो, म्हातारा झालोय. त्याला पाव देऊन काय होणार?” तो गेल्यावर पेरिना चुलीपाशी बसून रडली. तिच्या ओठांवर खरे बोल कितीदा आले असतील, पण दिवसागणिक ते सांगणे अवघड होत गेले. आज सांगितले तर तो विचारील, काल का नाही?

असे काही उन्हाळे गेले. मग एका सणाला दिन्कोची लेक निका ओले टॉवेल वाळत घालायला चिमटे शोधत आली. तिने डबा सरळ टेबलावर उपडा केला.

“आजी! हा बघ बुलिन! अगं, हा तर घरातच होता!”

पेरिनाचा चेहरा पांढराफटक पडला. निकाने मला अंगणात आणले. पोरे पुन्हा जाळी लावत होती, बायका पत्ते पिसत होत्या. तिने सगळ्यांच्या मधोमध मला भिरकावले. बुलिन पडला, खेळ ठरला. दिन्कोने मोठे गोळे तळघरातून काढले. एका पक्षात एक गडी कमी पडला म्हणून निका पळत जाऊन शिमुनला हाताला धरून घेऊन आली.

“मला कशाला आणलंस गं पोरी? मला बुलिन दिसणारसुद्धा नाही.”

“तुम्ही नुसता गोळा टाका, आजोबा. कुठं पडला ते मी सांगते.”

त्याने टाकला. गोळा घरंगळत माझ्याजवळ येऊन थांबला. दिन्कोचाही तेवढाच जवळ आला. कुणी काही बोलायच्या आत निकाने बोरूची काडी आणून आजीच्या हातात दिली. “मोज ना, आजी. तुझा हात हलत नाही म्हणतात.”

पेरिना माझ्यावर वाकली. काडी इतकी थरथरत होती की तिची सावलीसुद्धा कापत होती. ती तशीच गुडघ्यांवर खाली बसली.

“हलला,” ती म्हणाली.

“अजून तू मोजलं कुठं?” दिन्को म्हणाला.

“आज नाही रे. त्या सणाला.” तिने शिमुनकडे पाहिले. “भाऊजी, बुलिन माझ्या काडीनं सरकला होता. बोटभर. तुमच्या गोळ्यापासून लांब. तुमचाच गोळा जवळ होता. हात माझा गेला होता, आणि मी डोळे तुमचे घालवले.”

शेगडीवर मासे करपायला लागले तरी कुणी हलले नाही. शिमुनचा चेहरा लालबुंद झाला.

“तुम्हाला ठाऊक होतं? खिडकीतून माझी होडी बघत होतात, आणि वर मला पाव देत होतात?”

“हो.”

“अहो, मी जिने चाचपत उतरत होतो, वहिनी!” तो ओरडला. तो वळून अंगणातून निघून गेला. पायऱ्या मात्र न चाचपता उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून हातोडीचे ठोके ऐकू आले. पेरिना मला खिशात घालून खाली गेली. शिमुनने होडी सुलटी केली होती आणि फळ्यांच्या भेगांत कापूस ठोकून वर डांबर फासत होता. त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. दुपारी गावातल्या माणसांनी होडी पाण्यात ढकलली. ती लगेच काठोकाठ भरून उथळ पाण्यात बसली. वाळलेल्या होडीचे असेच करतात. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात.

पेरिना रोज जाऊन काठावर उभी राहायची. तो बोलायचा नाही, ती परतायची. एके सकाळी त्याने पाण्यात उभे राहून होडीच्या फुगलेल्या फळ्या पाहिल्या आणि तिच्याकडे न बघता बादली काठावर आपटली.

“नुसत्या उभ्या काय राहताय? उपसा.”

पेरिनाने पदर खोचावा तसा ॲप्रन कमरेत खोचला आणि पाणी उपसू लागली. निम्मे पाणी तिच्या कापऱ्या हातांनी तिच्याच अंगावर सांडत होते.

“अजून गळतेय, भाऊजी.”

“गळणारच. इतकी वर्षं उन्हात होती. लगेच कशी मिटेल?”

पुढे ती मिटली. माझ्या चिरेत निकाने ऑलिव्हचे तेल चोळले. चीर गेली नाही, पण वाढायची थांबली. म्हणून सांगतो, मित्रांनो, आपल्या हातून चूक झाली की तिच्याबरोबर एखादी बिचारी वस्तू डब्यात कोंडू नका. आम्हाला बोलता येत नाही. तुम्ही बोलेपर्यंत आम्ही आतल्या आत तडकत राहतो.

पुढच्या सणाला मी पुन्हा पेरिनाच्या खिशातून अंगणात पडलो आणि पुन्हा शिमुनचा आणि दिन्कोचा असे दोन गोळे अडले. दिन्को म्हणाला, आता निका मोजेल. शिमुनने काडी हिसकून घेतली आणि पेरिनापुढे धरली.

“मोजा, वहिनी.”

“माझा हात कापतो, भाऊजी. सगळ्यांना माहीत आहे.”

“कापू दे.” तो माझ्याशेजारी मातीत बसला आणि खाऱ्या पाण्याने राठ झालेला अंगठा त्याने माझ्यावर घट्ट दाबला. “मी धरतो.”

काडी थरथरत आली, मला लागली, पुन्हा लागली. मी तसूभरही हललो नाही. गोळा दिन्कोचाच जवळ निघाला, चांगला बोटभर.

“आजोबा, तुमचे डोळे गेले!” निका ओरडली.

“गेले तर गेले,” शिमुन म्हणाला, “होडी पाण्यातच राहील.” आणि त्याने अंगठा माझ्यावरून उचलला.