मधाच्या कड्यावरची शिडी

मी शिडी बोलतेय. भिंतीला टेकवून माळ्यावर चढतात ती नव्हे. मी दोराची. बारीक बांबूच्या पट्ट्या पिळून माझे दोन दोर वळलेत आणि मधे लाकडी पायऱ्या अडकवल्यात. कड्याच्या माथ्यावरच्या झाडाला मला बांधायचं, खाली सोडायचं, आणि माझ्यावरून उतरून माणसानं आग्या माश्यांची पोळी कापायची. एवढंच माझं काम. आणि त्यात मी जन्माची भित्री! कड्यावरच्या शिडीनं असं म्हणू नये, पण आता लपवून काय करायचंय?

आमचं गाव नेपाळात, लमजुंगच्या डोंगरात, गुरुंगांचं. काजीमान गुरुंग माझा मालक. त्यानं, त्याच्या बापानं आणि गावातल्या आणखी दोघांनी अंगणात बसून मला वळलं. बाप फार म्हातारा होता. कुठे पीळ सैल लागला की सगळं उलगडायला लावायचा. काजीमान वैतागायचा.

“पुरे की आता, आबा! माश्यांना काय कळतंय?”

“माश्यांना नाही कळणार,” म्हातारा म्हणायचा, “तुझ्या बायकोला कळेल.”

सगळे हसायचे. मला मात्र त्या हसण्याचा अर्थ पहिल्यांदा कड्यावर गेले तेव्हा समजला.

खाली नदी पांढऱ्या दोऱ्याएवढी दिसत होती. तळाशी ओला पाला पेटवलेला, त्याचा धूर वर चढत होता, आणि धुरात हजारो माश्या भणभणत होत्या. काजीमाननं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच्या देहाचा सगळा भार माझ्यावर आला. तोवर मी एक वस्तू होते. त्या क्षणापासून एका घराचा कर्ता माझ्या दोन दोरांवर लोंबकळत होता. वर गाठीवर हात ठेवून त्याचा मेव्हणा लालसिंह बसला होता. त्याचा तळवा घामानं भिजला होता. माणसं उतरण्याआधी थट्टा करतात आणि उतरताना गप्प होतात, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढे वर्षामागून वर्षं गेली, पण माझी भीती काही मोडली नाही. काजीमानची मोडली. तो माश्यांशी बोलायचा, “सरका गं बायांनो, सगळं नेत नाही.” आणि खरंच सगळं नेत नसे. काही पोळी तशीच ठेवायचा. आणलेला मध, जास्त चाटला की डोकं गरगरवणारा, घरटी वाटला जायचा; ज्या घरात पुरुष नाही तिथेही वाटा पोहोचायचा. गावात त्याला पहिल्या पाटावर बसवायचे.

पण मी गोठ्यात टांगलेली असायचे आणि गोठा घराला लागूनच. त्या मानाच्या घरात चूल कशी पेटायची ते मला ऐकू यायचं. त्याची बायको अइतमाया कोदोची, म्हणजे नाचणीची, दारू गाळायची आणि विकायची. मुलाची, प्रेमजंगची शाळा त्या दारूवर झाली. हे काजीमानला ठाऊक होतं, पण त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे.

प्रेमजंग मोठा झाला आणि कतारला गेला. उंच इमारतींना बाहेरून परांची बांधायचं काम करायचा. गावातली त्याच्या वयाची बाकीची पोरंही अशीच कुठे कुठे गेली. मी तोवर म्हातारी झाले होते. नवी शिडी वळायला हवी होती आणि वळायला हात नव्हते.

काजीमाननं फोनवर सांगितलं, “यंदा ये. शिडी वळायची आहे.”

“सुट्टी नाही, आबा. पैसे पाठवतो, चांगला नायलॉनचा दोर आणा.”

पैसे आले. काजीमाननं दोर आणला नाही. अइतमायानं त्या पैशांतून घरावर पत्रे घातले. आणि तिथूनच माझा घात सुरू झाला.

नव्या पत्र्यांवरून पावसाचं पाणी धो धो गोठ्याच्या कौलांवर पडायला लागलं. पन्हळ लावायला हवी होती. काजीमान म्हणायचा, “पत्रे त्याचे, पन्हळही तोच लावेल.” फोनवर प्रेमजंग म्हणायचा, “एवढं तरी आबांनी बघावं की!” अइतमाया एकदा स्वतः चढायला निघाली तर दोघांनीही तिला थांबवलं, एकानं अंगणातून आणि एकानं फोनवरून. पन्हळ काही लागली नाही. दोन पावसाळे ते पाणी माझ्यावर ठिबकत राहिलं, नेमकं डाव्या दोराच्या वरच्या टोकाला. बाहेरून मी तांबूस, टणक दिसत होते. आतून डावा दोर कुजत चालला होता. मला कळत होतं. मी ओरडत होते. शिडीचं ओरडणं म्हणजे नुसती करकर, आणि करकर तर मी नेहमीच करते.

मग एका वसंतात प्रेमजंग परत आला. अंगावर नवं जॅकेट, आणि पिशवीत निळा नायलॉनचा दोर नि कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला.

“पोखऱ्याचा एक व्यापारी आहे, आबा. आपल्या या झिंगवणाऱ्या मधाला तो मागू तो भाव देतोय. यंदा कडा पूर्ण उतरवू, एक पोळं ठेवायचं नाही.”

“पूर्ण?” काजीमान म्हणाला. “आणि पुढच्या वर्षी माश्या कुठे येणार, तुझ्या कतारला?”

“पुढच्या वर्षी गावात दुकान टाकीन. परत जायची वेळ येणार नाही. तुम्ही जन्मभर त्या कड्याला लटकलात, काय उरलं? गुडघे गेले. एक डोळा अधू झाला.”

“मान उरला.”

“मान तुम्हाला उरला. आमानं दारू गाळली म्हणून मी शिकलो. गावाला मध वाटत फिरायचात तेव्हा आमच्या ताटात काय होतं, विचारा तिला.”

काजीमानचा आवाज एकदम खाली आला.

“परमुलखात लोकांचे मनोरे बांधलेस तू. बापाची शिडी वळायला चार दिवस मिळाले नाहीत.”

“ते मनोरे बांधले म्हणून हे पत्रे आहेत डोक्यावर!”

“ढिंडो निवतोय,” नाचणीच्या उकडीचं भांडं आपटत अइतमाया म्हणाली. “आधी गिळा दोघंही. भांडण काही निवत नाही, नंतर करा.”

मी अंधाऱ्या गोठ्यात थरथरत होते. त्यांचं भांडण मधावरून चाललं होतं, मानावरून चाललं होतं. डाव्या दोराचा विचार दोघांच्याही मनात नव्हता.

दोन दिवसांनी मला ओढ्यात भिजत घातलं, मऊ करायला, आणि पहाटे कड्यावर नेलं. देवाला कोंबडा वाहून झाला. मला झाडाला बांधलं. माथ्यावर लालसिंह, गावातले दोघे आणि हे बापलेक, बाकीचे खाली धुरापाशी.

“मी उतरतो, आबा. माझ्याकडे पट्टा आहे,” प्रेमजंग म्हणाला.

“तू उतरलास तर एक पोळं शिल्लक ठेवणार नाहीस. कडा माझा आहे.”

“मग पट्टा तरी लावा. तिकडे पट्ट्याशिवाय एक पाऊल वर टाकू देत नाहीत, हाकलून देतात.”

“बकरं बांधतात तसं बांधणार मला?”

“लावा हो, दाजी,” लालसिंह म्हणाला. “तुम्हाला काही झालं तर बहिणीला मला सांभाळावं लागेल. तिची जीभ ठाऊक आहे ना?”

काजीमान हसला. वाटलं, लावतोय आता. देवा, लावू दे! पण मुलाच्या हातातला पट्टा त्यानं बाजूला सारला, तोंडाला फडकं गुंडाळलं आणि माझ्यावर पाय ठेवला.

मी जिवाच्या आकांतानं धरून राहिले. तो एकेक पायरी उतरत होता आणि कड्याच्या धारेवर, जिथे मी वाकते तिथेच, माझ्या डाव्या दोरातली एकेक पट्टी सुटत होती. तो पोळ्यांपर्यंत पोहोचला. काठीला बांधलेला विळा त्यानं उगारला आणि जोर लावला. त्या हिसक्यासरशी डावा दोर तुटला.

मी एका अंगावर कलले. काजीमानचा पाय निसटला. विळा खाली गेला. तो आपटल्याचा आवाजही वर आला नाही. काजीमान दोन्ही हातांनी माझ्या उजव्या दोराला लोंबकळत होता आणि पायानं पायरी शोधत होता.

“हलू नका!” प्रेमजंग वरून किंचाळला. “आबा, हलू नका!”

त्यानं पट्टा स्वतःला चढवला, निळा दोर दुसऱ्या झाडाला वेढा घालून माणसांच्या हातात दिला आणि तो कड्यावरून खाली आला. तोंडावर फडकं नव्हतं. पोळं हलल्यामुळे माश्या पिसाळलेल्या. त्या त्याच्या मानेवर, कानांत, पापण्यांवर बसल्या. तो बापापाशी पोहोचला तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता.

“वर जा,” काजीमान म्हणाला. “मूर्खा, वर जा.”

“हात वर करा.”

“तुझा पट्टा तुझ्या अंगावर राहू दे. मी म्हातारा आहे, मी—”

“आबा, गप्प बसा आणि हात वर करा!”

लहान मुलाला अंगरखा घालावा तसा त्यानं बापाला पट्टा चढवला. त्यासाठी तो स्वतःच्या अंगावरून काढावा लागला. वरच्या तिघांना एका वेळी एकच माणूस ओढता येणार होता. निळा दोर ताणला गेला आणि काजीमान वर सरकू लागला. तो सारखा खाली बघत होता.

आणि प्रेमजंग माझ्यावर राहिला. एकटा. माझ्या एका दोरावर.

माझ्या आयुष्यात त्याहून वाईट वेळ आली नाही. तो मला कवटाळून होता. त्याचं काळीज माझ्या पायरीवर धडधडत होतं. मनोऱ्यांच्या बाहेर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस, पण पट्ट्याशिवाय तो कधीच लटकला नव्हता. त्याची विजार ओली झाली. तो रडायला लागला आणि रडता रडता पुटपुटत राहिला, “हे असं... दर वर्षी हे असं...” मी तुटायचं नाही, तुटायचं नाही, एवढंच म्हणत होते. आणि तुटले नाही. त्यात माझा पराक्रम काही नाही. उजव्या दोरावर गोठ्यातलं पाणी कमी पडलं होतं, इतकंच.

पट्टा परत खाली आला. सुजलेल्या बोटांनी त्याला तो नीट लावताही येईना. कसाबसा अडकवला आणि त्यांनी त्याला वर घेतलं. काजीमाननं पोराचा दंड पकडून त्याला धारेवरून आत खेचलं आणि लगेच हात सोडला.

त्यानंतर प्रेमजंग तापानं फणफणला. तोंड एवढं सुजलं की अइतमाया त्याला चमच्यानं पेज भरवायची. पोखऱ्याचा व्यापारी आला, हात हलवत परत गेला. काजीमान मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि वळायचा. एकदा बायकोला म्हणाला, “तो पट्टा फार काचतो गं.” तेवढंच.

आणि मग माझ्या जिवाचा थरकाप उडवणारी गोष्ट त्यानं सुरू केली. रोज दुपारी तो गोठ्यात यायचा आणि माझ्या कुजक्या दोरावर नव्या बांबूच्या पट्ट्या गुंडाळायचा. वरून हिरव्यागार, आत तोच भुसा. तो पुन्हा उतरणार होता. कुणाला न सांगता, एकटा. मुलाला दाखवून देणार होता, की बघ, अजून मीच. मी करकरले, पट्ट्या त्याच्या बोटांत टोचल्या, रक्त काढलं. तो थांबला नाही.

थांबवलं अइतमायानं. ती गवत घेऊन आत आली आणि बघत उभी राहिली.

“काय चाललंय?”

“डागडुजी.”

ती गेली आणि कोयता घेऊन आली. “हात काढा.”

“अइतमाया, माझ्या बापानं वळलेली आहे ही.”

“तुमच्या बापाला मीच स्वयंपाक करून वाढत होते तेव्हा. हात काढा. तुम्हाला तुमचा मान, त्याला त्याचा पैसा. मला पांढरं नेसायचं नाही, आणि पोराचं सुतकही धरायचं नाही. काढा हात!”

त्यानं हात काढले. कोयता पडला. खरं सांगते, पहिल्या घावाला मला दुखलं, आणि दुसऱ्या घावापासून इतकं हलकं वाटलं! आता माझ्यावर कुणीही पाय ठेवणार नव्हतं.

सध्या मी चुलीशेजारच्या लाकडांत पडले आहे, तुकड्या-तुकड्यांनी. बाहेर अंगणात प्रेमजंग आलाय, अजून एक डोळा अर्धाच उघडतो त्याचा. नव्या शिडीच्या बांबूवरून बापलेकांचं जुंपलंय.

“हिरवा बांबू आणलात? हा चिरला तर वाकडा जाईल.”

“तू शिकव मला आता.”

“आणि पट्टा लावल्याशिवाय कुणी उतरणार नाही.”

“आणि सगळी पोळी कुणी कापणार नाही.”

“अर्धी तरी!”

“तुझा आजा असता तर कानाखाली दिली असती तुला.”

भीती मला अजूनही वाटते. नवी शिडी होईल, तीही अशीच वाऱ्यात लटकेल, आणि तिच्यावर कुणीतरी असेल. पण आजचं भांडण ऐकताना मी पहिल्यांदाच थरथरले नाही, कारण दोघांचेही पाय जमिनीवर आहेत. माझं एवढंच मागणं आहे, बाबांनो. भांडा, हवं तितकं भांडा, पण अंगणात भांडा. मनातला राग घेऊन कड्यावर जाऊ नका. तिथे तो तुम्हाला पेलायचा नाही, आणि आम्हालाही नाही.

अइतमाया आत आली. तिनं माझा एक तुकडा उचलला, गुडघ्यावर ठेवून मोडला आणि निखाऱ्यांवर ठेवला. तिला तिघांचा ढिंडो ढवळायचाय.

बरं, येते मी.