काचेच्या पेटीतला डोळा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. काही ठसे टपाल कचेरीत कामाला लागतात, काही न्यायालयात. मी गाईंच्या ढुंगणावर लागलो.

माझा जन्म ओकावांगो नदीच्या पाणथळीकाठी, मोथुसींच्या घरी, एका फाटक्या गादीतून झाला. त्यांची मुलगी वामे गाबोरोनेला चित्रकला शिकून आली होती. तिने गादीतल्या स्पंजाचा टपोरा डोळा कापला, फळीवर चिकटवला, फळीला मूठ ठोकली आणि मला काळ्या रंगात बुडवलं.

"तीन वर्षं शहरात शिकलीस," मोथुसी म्हणाले, "आणि सुरुवात गाईच्या ढुंगणापासून?"

"बाबा, जागा मोठी आहे."

गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कानाला चीर असलेल्या एका सिंहिणीने मोथुसींची दोन वासरं नेली होती. त्यांनी विषाची बाटली आणून चहाच्या डब्याशेजारी ठेवली होती. वामेचं म्हणणं एवढंच होतं, की सिंह पाठीमागून दबा धरतो आणि आपल्याला कोणी पाहिलं असं वाटलं की नाद सोडतो. तेव्हा पाठीमागेही डोळे हवेत.

"वर्षभर बघतो तुझे डोळे," मोथुसी म्हणाले. "मध्ये एक जरी जनावर गेलं, तरी मी बाटली उघडणार."

म्हणजे त्या सिंहिणीचा जीव माझ्यावर टांगलेला होता. मी स्पंज होतो. स्पंजाला एवढी जबाबदारी सहसा कोणी देत नाही.

दर चोवीस दिवसांनी मोथुसी गाय धरत आणि वामे मला दाबत असे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. रंग झुडपांना घासून उडतो, म्हणून पुन्हा पुन्हा उमटवावा लागतो. गाई लाथा मारत. मला फार लाज वाटे. माझ्यासारख्या देखण्या डोळ्याने जग बघावं, तर मला दिसायच्या शेपट्या.

शेजारचा दितिरो पहिल्या दिवशी कुंपणापाशी थबकला. "मोथुसी, तुझी गाय माझ्याकडे बघतेय."

"ती तिकडे चाललीय."

"म्हणूनच म्हणतोय!"

सात महिने एकही जनावर गेलं नाही. सिंहीण दोनदा येऊन, माझ्याकडे बघून परत गेल्याच्या खुणा मातीत दिसल्या. बाटलीवर धूळ बसली.

मग गाबोरोनेहून चित्रप्रदर्शनाचं आमंत्रण आलं आणि वामे मला आठ दिवसांसाठी घेऊन गेली. तिथल्या मंडळींनी माझ्यावरचा खरा रंग धुऊन काढला, बारीक कुंचल्याने खऱ्यासारखा रंग लावला आणि मला काचेच्या पेटीत ठेवलं. वर दिवा. शेजारी पाटी, 'हात लावू नये'. खाली नाव, 'सहजीवनाची नजर'. एक बाई माझ्यासमोर रडल्या. एका गृहस्थांनी गाईंची संमती घेतली होती का, असं विचारलं आणि त्यावर दोन तास चर्चा झाली. गाय त्या चर्चेला नव्हती.

मित्रांनो, मला ते सगळं आवडलं. फारच आवडलं.

गर्दी वाढली, तसं प्रदर्शनही वाढलं. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचा महिना. एके दुपारी वामे माझ्यापुढे उभी राहून घरी फोनवर बोलत होती. मोथुसी फोनवर असे ओरडत, की काचेतूनही ऐकू येई.

"अगं, डोळे पुसट झालेत! चौघींना तर एकेकच राहिलाय. दितिरो म्हणतो, त्या त्याला डोळा मारतात."

"घरात गादी आहे ना, बाबा? दुसरा कापा."

"कापला. मासा झाला. सिंहीण माशाला घाबरते का?"

वामे हसली. "पंधराच दिवस, बाबा. सात महिने काही नेलं नाही तिने, आता कशाला नेतेय?"

मला बोलता येत नाही. पण खरं सांगतो, येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मला परत जायचंच नव्हतं.

त्या फोननंतर सहाव्या दिवशी सिंहिणीने एक गाभण गाय मारली. त्या गाईच्या ढुंगणावर माझा मागमूसही उरला नव्हता. मोथुसींनी धूळ पुसून बाटली उघडली आणि उरलेल्या मांसावर ओतली. सिंहीण मेली. दोन तरस मेले. मेलेली गिधाडं मोजायला दितिरो गेला, आणि अठ्ठावन्नावर खाली बसला. पुढे मोजलंच नाही त्याने.

बातमी कळली त्याच दिवशी वामेने पेटी उघडून मला पिशवीत टाकलं आणि बस धरली. आम्ही पोचलो तेव्हा मोथुसी मेलेल्या जनावरांच्या ढिगाला आग लावत होते.

"बाबा, मी उशीर केला."

"बाटली मी उघडली." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "रंग आणलास का?"

"हो."

"मग ये. मी गाय धरतो."

राहिलेल्या तीस गाईंवर आम्ही डोळे उमटवले. गाईंनी लाथा मारल्या नाहीत, आणि एकदा तरी कोणी मारावी असं मला फार वाटत होतं. मग कळप चरायला निघाला. गाईंची तोंडं गवताकडे होती, पण माझे साठही डोळे त्या जळत्या ढिगाकडे बघत दूर गेले. मला ते मिटता येत नाहीत. तसं मला कापलेलंच नाही.

आता माझा एक कोपरा फाटलाय. परवा गाबोरोनेहून पुन्हा आमंत्रण आलं. वामेने ते वडिलांना वाचून दाखवलं.

"ज्यांना बघायचंय, त्यांना इकडे पाठव," मोथुसी म्हणाले. "गाय धरायला माणूस कमीच पडतो."

मित्रांनो, कामाच्या वस्तूचं कौतुक जरूर करा. आम्हाला ते हवं असतं, नको तितकं हवं असतं, म्हणूनच सांगतो. पण त्यासाठी तिला कामावरून उचलून नेऊ नका. ती जिथे राबते तिथे या, आणि येताना जुने कपडे घाला. वाट्याला लाथ येईल. ती खा, आणि पुढची गाय धरा.