खालच्या पेठेतला चहा

नियम १. पायऱ्या मोजू नयेत. दर वेळी वेगळ्या भरतात आणि मग पाहुणे वाद घालतात.

कमरजहां मोजत नव्हती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातानं ओढणी सावरत ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होती, आणि छप्पन्नाव्या वर्षी तिच्या गुडघ्यांना हे अजिबात मान्य नव्हतं.

बुधवार पेठेतल्या तिच्या नि नवऱ्याच्या अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरमागची एक फरशी उचलली की हा जिना लागतो. खाली कात्रजहून पेठांना पाणी आणणारा जुना भुयारी नळ, आणि त्याच्या कडेकडेनं वसलेली खालची पेठ. हडळी, समंध, दोन जिन्न, एक निवृत्त वेताळ. गल्लीतल्या जुन्या दुकानदारांना हे सगळं ठाऊक आहे. कोणी विषय काढत नाही इतकंच, कारण काढला की "मग तुम्ही रीतसर अर्ज केलात का?" असं विचारणारा कोणीतरी भेटतोच.

सकाळी अकराला खालून निरोप आला, की पेठेचा भोंगा बंद पडलाय. तिचा नवरा नियाज हत्यारांची पेटी घेऊन उतरला. "अर्ध्या तासात येतो," म्हणाला. आता साडेबारा वाजून गेले होते.

नियम २. जो खालचं काही खाईल वा पिईल, तो कायमचा खालचा झाला. नंतर रडू नये. इथं आधीच ओल आहे.

आणि नियाजला दर अर्ध्या तासाला चहा लागतो. रोज्यांत तो महिनाभर दिवसा कपाकडे बघतही नाही, पण तो अल्लाशी केलेला करार. उरलेल्या अकरा महिन्यांचं काही सांगू नका. स्वतःच्या निकाहात "कबूल" म्हणायच्या आधी त्यानं एक घोट घेतला होता, हे कमरजहां एकतीस वर्षं ऐकवत आली आहे.

दीड तास म्हणजे तीन चहा. तिनं आणखी दोन पायऱ्या गाळल्या.

नियम ३ व ४ कोणीच पाळत नव्हतं, म्हणून पुसले आहेत.

नियम ५. एक ते चार फाटक पाहुण्यांसाठी बंद. का, ते विचारू नये.

फाटकावर शंभू नावाचा समंध खुर्ची टाकून बसला होता.

"काय काम?"

"माझा नवरा आत आहे."

"असेल. पुष्कळांचे आहेत."

"ते काही प्यायलेत का?"

"बाई, मी फाटक बघतो. लोकांच्या घशात बघत नाही. बारा पन्नास झालेत. एकच्या आत बाहेर या, नाहीतर चारला. मी झोपणार आहे."

नियम ६ मध्येच घुसला आहे, कारण तो, भोंगा ज्यांच्या घरावर आहे त्या आम्रपालीबाईंनी स्वतःच्या दारावर लावलाय: बेल एकदाच दाबावी. आम्ही मेलेले आहोत, बहिरे नाही.

कमरजहांनं तीनदा दाबली.

दार आम्रपालीबाईंनी उघडलं. उलट्या पावलांत सपाता, नाकावर चष्मा. नवे रहिवासी मिळवायच्या समितीच्या त्या दोनशे वर्षं अध्यक्षा. आत नियाज बसला होता, पांढराफटक, हात गुडघ्यांत दाबून. भोंगा केव्हाच दुरुस्त झाला होता, पण चहावाचून डोकं असं ठणकत होतं की त्याला उठवेना.

"घेतलात?" कमरजहांनं कुजबुजत विचारलं.

"नाही गं. यांनी अकरा वेळा विचारलं."

"काय विचारलं?"

"'चहा घेऊनच आला असाल ना,' असं विचारलं," आम्रपालीबाई म्हणाल्या. "हे म्हणाले, हो. मग काय घशात ओतू?"

"तुम्हाला तर माणसं हवीत ना इथं?"

"हवीत की! तरुण भुतं सगळी हडपसरला गेली. तिथं म्हणे रिकामे फ्लॅट, अडकवायला लिफ्ट. इथं आम्ही त्रेचाळीस उरलोय. पण म्हणून काय कोणाच्या मागे लागायचं? ज्याला राहायचंय तो राहील."

"अहो, उठा," कमरजहांनं नवऱ्याचा दंड धरला. तो उठला, दोन पावलं चालला, आणि

भोंगा वाजला. खणखणीत. नियाजनं दुरुस्त केला होता, वाजणारच. लांबून फाटकाला कुलूप पडल्याचा आवाज आला.

एक ते चार. सहा चहा.

नियाज परत खाली बसला. त्यानं बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं असं.

"कमर, माफ कर," तो म्हणाला. मग आम्रपालीबाईंकडे वळून, "बाई, अर्धा कप देता?"

आम्रपालीबाई स्वयंपाकघरात धावल्या. आत डबे आपटले, भांडी पडली. बाहेर आल्या तेव्हा हातात रिकामं पातेलं होतं.

"दूध नाही. डेअरी चारला उघडते."

"कोरा चालेल," नियाज म्हणाला.

"आम्हाला नाही चालणार! पहिल्यांदा कोणी हो म्हणालं, त्याच्यापुढे कोरा चहा ठेवू?" त्या मटकन बसल्या. "दोनशे वर्षांत एक माणूस हो म्हणतो, आणि माझ्या घरात दूध नाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग डोळे.

आता शहाण्या बाईनं गप्प बसून खुदाचे आभार मानले असते. पण कमरजहां ज्या घरात वाढली तिथं समोर बसलेल्या बाईला रडू देत नसत. तिच्या तोंडून आपोआप निघालं:

"चला, आमच्याकडे चला. वर."

"छे, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला! चलाच."

"नको हो, मी आत्ताच..."

"काय आत्ताच? घरात दूध नाही, आणि म्हणे आत्ताच! उठा. नाही आलात तर मी इथंच बसते, मग चार काय नि पाच काय." तिनं त्यांचं मनगट धरलं. बर्फासारखं होतं. सोडलं नाही.

आम्रपालीबाई उठल्या. कशा उठल्या हे त्यांनाही कळलं नाही.

"एक ते चार बंद," शंभू डोळे न उघडता म्हणाला.

"पाहुण्यांसाठी. मी पाहुणी आहे का? आणि हे दोघं माझ्याबरोबर आहेत. उघड."

शंभूनं उघडलं, पण पुढचा सगळा जिना त्याची पुटपुट ऐकू येत होती.

दुकानात नियाजनं पहिला पेला उभ्यानंच संपवला आणि दुसरा ओतून घेतला. कमरजहांनं तिसरा भरून आम्रपालीबाईंच्या हातात दिला, आणि तिच्या लक्षात आलं.

"थांबा! पिऊ नका. वरचं प्यायलात तर तुम्हीसुद्धा वरच्या व्हाल. कायमच्या."

"ठाऊक आहे. नियम मीच लिहिलेत."

त्यांनी पेला खाली ठेवला नाही, ओठांनाही लावला नाही. दारातून ऊन आत आलं होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. कमरजहांच्या डोक्यात भराभर येत होतं: या झोपणार कुठं, पावलांचं गल्लीत काय सांगायचं, खाली बेचाळीसच उरतील.

"चला म्हणालात, चलाच म्हणालात," आम्रपालीबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "आता थांबलात का?"

कमरजहांनं नियाजकडे पाहिलं. नियाजनं स्टुलावरचे स्क्रू बाजूला केले, फडक्यानं ते पुसलं आणि बाईंच्या पुढे सरकवलं.

"घ्या हो," कमरजहां म्हणाली. "गार होतोय."