सतराव्या चित्रातली तुटक रेघ

मी पुस्तक शेवटून वाचते. आधी सूची, मग तळटीपा, मग परिशिष्टं, आणि एवढं सगळं पटलं तरच पहिलं पान. सूचीतच घोळ असेल तर आत काय डोंबल असणार, असं माझं मत आहे. कादंबऱ्या माझ्याच्यानं वाचवत नाहीत. त्यांना सूची नसते. मला जी पुस्तकं आवडतात ती दुसरं कुणी उघडतही नाही. नगरपालिकेचे शंभर वर्षांपूर्वीचे वार्षिक अहवाल, त्यातही गटारांचं प्रकरण. गल्लीवार दुकानांची यादी छापलेली एक जाडजूड डिरेक्टरी. आणि एका सुईणीची रोजनिशी, जिच्यात बाळाच्या वजनाआधी त्या घराच्या पायऱ्या किती ते लिहिलेलं असतं, कारण बाईंचे गुडघे दुखायचे. या तीन पुस्तकांवर मी आमचा जुना भाग अख्खा कागदावर उभा करून दाखवीन. पोटासाठी मी पाठ्यपुस्तकांत बेडकाचं जीवनचक्र काढते, पण जीव अडकलाय तो या गल्ल्यांत.

माझी आणखी एक खोड आहे. स्वतःचं चित्र छापून आलं की मी ते बघत नाही. चुका दिसतात, आणि तेव्हा काही करता येत नाही. प्रूफ आलं तरी मी मजकूर वाचते, तळटीपा तपासते, आणि चित्राचं पान आलं की पुढं उलटते. या खोडीनंच माझा घात केला. पण खोडीला किती दोष द्यायचा? खोड माझी होती, हात दुसऱ्याचा होता.

तो हात सरांचा. सर आम्हाला शाळेत इतिहास शिकवायचे. बारा वर्षांची असताना मी बाजारातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचं चित्र काढून त्यावर झकास घुमट चढवला होता. सरांनी विचारलं, “घुमट पाहिलास?” मनोऱ्याचा माथा माझ्या जन्माआधीच पडला होता. “नाही, पण असेल असं वाटलं,” मी म्हणाले. ते रागावले नाहीत. खोडरबर घेऊन त्यांनी माझ्या घुमटाच्या रेघेतून छोटे छोटे तुकडे पुसून टाकले. “पाहिलंस ते ठाम रेघेनं काढ. ताडलंस ते तुटक. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आपण कुठं शपथेवर सांगतोय आणि कुठं नाही.” त्यानंतर मी एकही रेघ हा विचार केल्याशिवाय काढलेली नाही.

पुढं शनिवारची सकाळ सरांकडे, हा नेमच झाला. चौतीस वर्षं. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक वाकडं झालेलं झाड. दोघांनी आपापलं पुस्तक वाचायचं, बोलायचं नाही. एखादी ओळ सापडली की बोट ठेवून पुस्तक समोरच्याकडे सरकवायचं. माझं लग्न जमलं नाही तेव्हाही मी शनिवार चुकवला नव्हता, आणि बाबा गेले त्या आठवड्यात सरच पुस्तकं घेऊन आमच्या घरी आले होते. माझ्या बापानंतर कुणाचा शब्द मी खाली पडू दिला नसेल तर तो सरांचा.

सर चाळीस वर्षं आमच्या भागाचा इतिहास लिहीत होते. गेल्या वर्षी पुस्तक निघालं. बेचाळीस चित्रं माझी. प्रस्तावनेत सरांनी आमचा नियमही छापला: ठाम रेघ म्हणजे पुराव्यानिशी पाहिलेलं, तुटक रेघ म्हणजे अंदाज. हजार प्रती बांधल्या माझ्या ताईनं.

ताई बाइंडर. बाबांचं बाइंडिंगचं दुकान आता ती चालवते. पुढं काउंटर, मागच्या खोलीत शिलाईचं टेबल आणि बाबांनी काँक्रीटमध्ये बसवून घेतलेलं कटिंग मशीन. मी तिथं केव्हाही न सांगता शिरते. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, मला अजून बारके म्हणते आणि माझ्या आवडत्या पुस्तकांना ‘तुझी गटारं’. स्वतः काही वाचत नाही. “बाइंडरनं वाचायला घेतलं की पानांचे फर्मे उलटसुलट लागलेच म्हणून समज,” हे तिचं ठरलेलं वाक्य. पण माझ्या तिन्ही पुस्तकांची पाठ तिनंच नव्यानं बांधून दिलेली आहे, आणि तसं काम तिनं दुसऱ्या कुणाला करून दिलेलं मी पाहिलं नाही.

पुस्तक निघून चार महिने झाले होते. ताई दुपारी माझ्याकडे आली. दुकान उघडं टाकून ती कधी येत नाही, म्हणून मला आधी वाटलं कुणी आजारी आहे. तिनं टेबलावर नगरपालिकेची नोटीस ठेवली आणि शेजारी सरांचं पुस्तक उघडून ठेवलं, चित्र क्रमांक सतरा.

“हे तू काढलंस?”

सतरावं चित्र पाणवाटेचं. बाजारातून नदीवर जाणारी एक जुनी वाट, पाणी वाहणाऱ्या लोकांची. अहवालात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे, की दोरखंडवाल्याच्या बाजूनं नदीकडे जाणारी वाट बंद करण्यात आली. कुठल्या बाजूनं ते लिहायचं लिहिणाऱ्याला सुचलं नाही. त्याच्या दुकानाची डावी बाजू म्हटली तर धान्याचं गोदाम, उजवी म्हटली तर आमचं दुकान. मी ती उजवीकडून काढली होती, तुटक.

नोटिशीत म्हटलं होतं, की ऐतिहासिक पुराव्यानुसार दुकानाची मागची खोली सार्वजनिक वाटेवर उभी असल्याचं दिसतं. वाट नागरिकांसाठी खुली करण्याची योजना आहे. हरकत असेल तर सुनावणीला हजर राहावं.

“ताई, हे तुटक आहे. तुटक म्हणजे अंदाज. पुढं लिहिलंय बघ.”

“मी वाचत नसेन, मला दिसतं तरी ना. कुठं तुटक आहे?”

मी बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. रेघ बाजारापासून नदीपर्यंत सलग होती, आमच्या मागच्या खोलीतून आरपार.

“खोली गेली तर मशीन जातं,” ताई म्हणाली. “मशीन गेलं तर मी काउंटरवर बसून काय, माशा मारू?” मग नोटीस घडी घालून तिनं पिशवीत ठेवली. “हजार वेळा हे पान माझ्या हाताखालून गेलं, बारके. मला वाटलं, तुझंच आहे, बघायचं काय त्यात.”

मी तशीच प्रेसवर गेले. प्रेसवाल्यावर तोंडसुख घ्यायची तयारी करूनच. त्यानं शांतपणे कपाटातून पाकीट काढलं. “मॅडम, मूळ चित्र आलं तसं स्कॅन केलं. आम्ही कशाला तुमच्या रेघेला हात लावतोय?” मूळ कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि सगळं दिसलं. माझी शाई जरा तपकिरी पडली होती. मधल्या फटींत ताजी काळी शाई. एकेक फट जपून, थांबून, हलत्या हातानं भरलेली. तशा बारीक निबचं पेन या गावात माझ्याखेरीज एकाच माणसाकडे आहे, कारण त्याच्या पंच्याहत्तरीला ते मीच दिलं होतं. चित्रं प्रेसवर पोचवायचं कामही त्यांनीच हौसेनं मागून घेतलं होतं.

तो वार शनिवार नव्हता. सर एकटेच वाचत बसले होते. मी पाकीट समोर ठेवलं तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं. नाही म्हणाले नाहीत.

“त्रेपन्न फटी होत्या,” ते म्हणाले. “दोन दिवस लागले. हात कापतो ना हल्ली.”

“का, सर?”

“तुटक रेघेवर नगरपालिकेची समिती बसत नाही. अंदाज म्हणून फाइल बंद केली असती त्यांनी. मी एक्क्याऐंशीचा आहे. पाणवाट उघडलेली बघून जायचंय मला.”

“ती ताईच्या खोलीतून जाते.”

“ठाऊक आहे. तिला दुसरी जागा देतील. मशीनं हलवता येतात. वाट एकच आहे.”

“मला विचारायचंत तरी.”

“तू नाही म्हणाली असतीस.” मग अगदी मायेनं, शाबासकी द्यावी तसं म्हणाले, “आणि बाळ, माझं लिहिणं लोक तपासतात. तुझी ठाम रेघ कुणी तपासत नाही. म्हणून तर.”

केसानं गळा कापणं हा शब्दप्रयोग मी शाळेत त्यांच्याच शेजारच्या वर्गात शिकले. अर्थ त्या दुपारी कळला. ज्यानं मला खोटी रेघ काढू नकोस म्हणून शिकवलं, त्यानंच माझा खरेपणा वापरला, एखादा शिक्का वापरावा तसा. मला ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही, कारण त्यांनी पुढं विचारलं, “आणि खोटं काय आहे त्यात? ओलीचं मला कुणी सांगितलं?”

मीच सांगितलं होतं. आमच्या मागच्या खोलीच्या फरशीवर पावसाळ्यापासून पुढं कितीतरी दिवस एक ओला पट्टा राहतो. चार फूट रुंद, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत तिरका. बाबा त्या पट्ट्यावर कधी कागद ठेवू द्यायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की फरशीखाली वाटेचे दगड असतील तर अशीच ओल धरेल. मी धावत सरांकडे गेले होते. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो होतो. तरी मी रेघ तुटकच काढली, कारण ओल म्हणजे वाट नव्हे. खाली जुनं गटारही असू शकतं. ताईला यातलं काही सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

सुनावणी उन्हाळ्यात, नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर. अधिकारी सरांचे जुने विद्यार्थी. सर आत आले तसे उठून उभे राहिले. ताई खळीचे डाग पडलेली बोटं मांडीवर ठेवून माझ्या शेजारी बसली होती. मी मूळ चित्र दिलं, खिडकीकडे धरायला सांगितलं, प्रस्तावनेतला नियम वाचून दाखवला. अधिकाऱ्यांनी बराच वेळ कागद बघितला.

“सर, या फटी तुम्ही भरल्यात?”

“हो, मी भरल्या,” सर म्हणाले. मला क्षणभर वाटलं, संपलं, माणूस अखेर खरं बोलला. “पण अंदाज हवेतला नाही. त्या खोलीत फरशीवर चार फुटी ओल आहे, वाटेच्याच दिशेनं. ही माहिती हिनंच मला दिली. विचारा हिला, खोटं आहे का.”

ताईची मान माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

“मॅडम, ओल आहे का?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “आता उन्हाळ्यात माणूस पाठवून काही दिसायचं नाही. आणि नुसत्या संशयावर कुणाच्या दुकानाची फरशी मी उखडणार नाही. तुम्ही सांगाल ते लिहून घेतो.”

ओल मी पाहिली होती. त्या खोलीत पोटावर पडून पुस्तकं वाचतच मी मोठी झाले. तिच्यावरून हात फिरवला होता. शपथेवर सांगण्यासारखी अशी ती एकच गोष्ट त्या अख्ख्या चित्रात होती.

“नाही,” मी म्हणाले. “ओलबिल काही नाही. सरांचा गैरसमज झालाय.” आणि तेवढ्यानं भागलं असतं तरी वर म्हणाले, “वय झालंय त्यांचं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. वर्गातली हुशार मुलगी कॉपी करताना सापडली तर बघायचे तसं. मला वाटलं होतं, त्यांना दुखवून मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, हरकत मान्य केली, चित्र पुरावा म्हणून धरता येणार नाही असं सांगितलं. सर काठी शोधत उठले. दार उघडून धरायला मी गेले नाही, अधिकारी गेले.

जिन्यात ताई माझ्या पुढं होती. अर्ध्यावर थांबली.

“ओल आहे,” ती म्हणाली. “आठ महिने असते. मी रोज पुसते.”

“हो.”

“त्यांना कधी सांगितलंस?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि मला?”

“तू हसली असतीस, ताई.”

“हसले असते. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खोलीच्या मालकीचे कागद नीट करून आले असते.” तिचा आवाज चढला नव्हता. “आपल्या घरातली गोष्ट. बाबांच्या खोलीतली. पहिली त्यांना सांगावीशी वाटली तुला.”

“मी आत तुझ्यासाठी खोटं बोलले. असं कधीच केलं नव्हतं मी.”

“कळलं मला. खोली वाचवलीस, नाही कोण म्हणतंय?” तिनं कठड्यावरचा हात काढला आणि उरलेल्या पायऱ्या उतरली. खाली रस्त्यावर ऊन होतं. ती पिशवीतून दुकानाच्या किल्ल्या शोधत उभी राहिली. मला काहीतरी धरायला हवं होतं. शनिवार मोकळे झाले होते, पुढचे सगळेच.

“शनिवारी येऊ का गं, मागच्या खोलीत? शिलाईला हात लावते.”

“ये की,” ताई म्हणाली. “फक्त निघायच्या आधी फोन करत जा.”