भोंग्याखालची अटक

"ओ जाकीरभाऊ, आवाज कमी करा ना जरासक! माहं गिऱ्हाईक मिरचीचा भाव इचारते अन् तुमचा भोंगा त्याले फिशिंग सांगते!"

"बाई, भाव रोजचाच हाये. इंग्रजी रोज भेटते का?" जाकीरमियां रिक्षातून ओरडले.

पंचफुलाबाईची लाल तिखटाची पाटी आणि जाकीरमियांची रिक्षा बीबी गावच्या बाजारात वर्षानुवर्षं शेजारी. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, आत आवाज वाढवायचं मशीन, मशीनला वायरीनं जोडलेला मोबाइल. कुणाचं बोकड हरवो की कापडाचा सेल लागो, पुकारा जाकीरमियांचाच. त्यांचा आवाज सुटला की पार तिकडे उंद्रीच्या म्हशी दूध चोरतात, असं लोक म्हणत. म्हशींना मात्र कुणी विचारलेलं नाही.

आज पुकारा ग्रामपंचायतीचा होता, ऑनलाइन फसवणुकीचा, आणि त्यातले निम्मे शब्द इंग्रजी. ते शिकायला जाकीरमियां शाळेतल्या प्रतिमा मॅडमच्या ओट्यावर जाऊन बसले होते.

"मॅडम, ही इंग्रजी माह्या दातात अडकते हो."

"अडकू द्या. चावून चावून मऊ होते."

झालीही. मग प्रत्येक शब्दाला त्यांनी आपल्या पदरची फोड लावली. फिशिंग म्हंजे गळ, अन् आपन मासा. ओटीपी म्हंजे घराची चाबी, ती मांगते तो पाहुना नसते. स्क्रीन शेअर म्हंजे कपाट उघडून चोराले खुर्ची टाकनं. शेवटचा शब्द त्यांचा सगळ्यांत लाडका, डिजिटल अरेस्ट. "अशी अटक कायद्यात नाही! भेऊ नका, फोन ठेवून द्या!" हे रेकॉर्ड करताना त्यांनी छाती अशी फुगवली की सदऱ्याचं बटण उडून थेट मॅडमच्या चहात पडलं.

"पाठ झाले ना शब्द?" चमच्यानं बटण काढत मॅडमनी विचारलं होतं.

"झोपीतून उठवून इचारा, मॅडम."

आता बाजार भर रंगात होता आणि रेकॉर्डिंग कितव्यांदा तरी 'स्क्रीन शेअर' संपवत आलं होतं. तेवढ्यात ते थांबलं. फोन वाजला. उचलला तसा मोबाइलच्या काचेवर खाकी कपड्यांतला एक माणूस उमटला.

"जाकीर शेख? अल्तमश का बाप?"

अल्तमश पुण्याच्या एका कारखान्यात होता. नाव ऐकताच जाकीरमियां उठून उभे राहिले आणि टपाला डोकं आपटून पुन्हा बसले.

"लड़का ड्रग्ज के पार्सल के साथ पकड़ा गया है. बचाना है तो किसी को बोलना नहीं. तुम भी डिजिटल अरेस्ट में हो. कॅमेरे से हिलना मत."

जाकीरमियांनी रिक्षाचे रेक्झिनचे पडदे सोडून घेतले. शब्द तोच होता, सकाळपासून बाजाराला वाटलेला. पण पुकाऱ्यातला तो शब्द त्यांच्या मुठीतला होता. या शब्दानं त्यांच्या पोराची कॉलर धरली होती. एकाच नावाची दोन माणसं असावीत, तसं त्यांनी त्याला ओळखलंच नाही.

फोन वायरीला तसाच होता. खाकीवाल्याचं अक्षर न् अक्षर भोंग्यातून बाजारभर चाललं होतं. पण भोंग्याखाली आयुष्य काढून जाकीरमियांचे कान असे निबर झालेले, की त्यांना वाटलं, पोलिसाचा आवाज असाच असायचा.

"आसपास कोई है?" भोंगा गरजला.

"कोई नहीं साहब. अकेला हूँ."

पडद्याबाहेर अर्धी बीबी येऊन उभी होती.

"ये गूँज कैसी आ रही है?"

"दिल धड़कता है साहब."

कुणीतरी फिसकन हसलं. पण पडद्याआडून पुढचं ऐकू आलं आणि ते हसू तिथंच मेलं.

"मारा तो नहीं ना उसको? एक बार आवाज सुना दो साहब. पाँव पड़ता हूँ."

"पहले मोबाइल पे नंबर आएगा. पढ़के बताओ."

नंबर आला. त्यांच्या बँकेच्या खात्यात धाकट्या लेकीच्या, शाहीनच्या नर्सिंगच्या शिक्षणाची सगळी जमा होती. जाकीरमियांना ते क्षणभर आठवलं. पण शाहीन घरी होती, जेवून खाऊन सुखरूप. त्यांनी चष्मा चढवला.

"चार..."

पडदा फर्रकन वर गेला. "जाकीरभाऊ, काय करून राह्यले हो?"

"चूप बाई! पोरगं मारतीन माहं!"

"चाबी देऊन राह्यले तुम्ही! सकायपासून काय सांगत होते आमाले?" पंचफुलाबाईनं तिखटानं माखलेल्या हातानं फोन हिसकला. "ए डिजिटल! बीबीच्या बाजारात ये. तुले मिरची तोलून देतो!" आणि तिनं फोन कापला.

"काऊन कापला, बाई?" जाकीरमियांचा आवाज, ज्याला उंद्रीच्या म्हशी भीत, पुढच्या सीटपर्यंतही पोचला नाही. "आता त्याले सोडनार नाहीत ते."

"पोराले लावा फोन. लावा."

त्यांनी लावला. रिंग भोंग्यातून वाजू लागली. वाजत राहिली. पारड्यातले कांदे पारड्यात राहिले, पिशवीत गेलेला हात पिशवीत. जाकीरमियांचे ओठ दुआ पुटपुटत होते.

"हाँ अब्बा." भोंग्यातून दाट झोपेतला आवाज आला. "नाइट थी मेरी. सोने भी नै देते क्या?"

जाकीरमियांनी फोन तोंडाशी ओढला. "खाना खाया क्या?"

"सोया हुआ आदमी खाना कैसा खाता, अब्बा?"

"सो जा बेटा. सो जा."

फोन ठेवताना अंगठा लागला, आणि अडलेलं रेकॉर्डिंग पुढं सुरू झालं. ठणठणीत, छाती फुगवलेला आवाज बाजारावर पसरला. 'डिजिटल अरेस्ट! अशी अटक कायद्यात नाही! भेऊ नका...'

जाकीरमियांचा हात मशीनच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या," पंचफुलाबाई म्हणाली. "चांगलं सांगून राह्यला तो मानूस."

ते खाली उतरले. टोपी नीट केली आणि गिऱ्हाइकासारखे भोंग्याखाली उभे राहून ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांनी हातानं डोळे पुसले.

"डोये लाल झाले तुमचे."

"तुह्या तिखटाचा हात लागला, बाई."

"लागते," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून तिनं तराजू उचलला.