गिधाडावरचा सिंह

१९१७ सालची गोष्ट. उचगावचा परशराम बेळगावात, खडेबाजारातल्या एका छापखान्यात छपाईच्या दगडावर चित्रं काढायचा. हात असा, की त्यानं काढलेल्या लक्ष्मीपुढं लोक दुकानातच पायताण काढत. थोरला भाऊ मष्णू लढाईवरून परत आला नाही, तेव्हा आई मालुबाईनं परशरामकडून शब्द घेतला होता: धाकट्या रवळूला फौजेच्या भरतीच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही.

शब्द देताना काही जड जात नाही. पुढं छापखान्याला सरकारी काम आलं, गावोगाव भिंतीवर लावायचा भरतीचा कागद. नमुना म्हणून विलायती वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र. साहेब लोकांनी प्रत्येक देशाला एकेक जनावर वाटून दिलेलं: रशिया अस्वल, फ्रान्स कोंबडा, जर्मनी गरुड आणि आपण स्वतः सिंह. सिंहानं गरुडाला पायाखाली धरलं होतं.

परशराम मालकांना म्हणाला, "आप्पा, ह्ये चालायचं न्हाय. गरुड म्हंजे इष्णूचं वाहन. त्येच्यावर पाय दिल्याला बघून लोक आपल्यालाच शिव्या घालतील."

मालकांना पटलं. परशरामनं गरुडाचं गिधाड केलं. सिंह त्यानं जन्मात पाहिला नव्हता, म्हणून गावच्या देवळात देवीच्या पायाशी बसलेला होता तोच उचलला. तेच वाटोळे डोळे, तीच आयाळ. काम फक्कड उतरलं आणि स्वारी मनातून फुगली.

कागद उचगावच्या चावडीवर लागला, तशा बायका सिंहाला हळदकुंकू लावू लागल्या. चौथ्या दिवशी रवळू नाव नोंदवूनच घरी आला.

"देवी पाठीशी हाय, अण्णा. मग भ्यायचं कशाला?"

"अरं, त्यो देवीचा न्हवं. सायबाचा सिंह हाय. मी काढलाय त्यो, पोटासाठी."

रवळू हसला. "तू काढलास म्हनून तर इस्वास ठेवला."

 परशरामला स्वतःची लाज वाटली.

रवळू लढाईवर गेला. दिलेल्या शब्दाबद्दल मालुबाईनं कधी विचारलं नाही. तिनं तो कागद मागून आणला आणि देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावला. रोज सकाळी सिंहाला कुंकू लावायची आणि परशराम कामाला निघाला की त्याला थांबवायची.

"हात जोड रं. तू काढलाईस, तुझं तरी ऐकंल त्यो."

परशराम हात जोडायचा. सिंहाच्या डाव्या कानाची रेघ जरा चुकली होती, ती त्याला रोज दिसायची.