दोरी साळ्याच्या हातात

आमच्या ढिवरांत एक रीत आहे. तलावाच्या तळाशी बुडी मारायची असेल, तर बुडी मारणाऱ्याच्या कमरेची दोरी त्याच्या साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं धरायची. सख्खा भाऊ चालत नाही. भावाला वाटणीचा मोह होतो म्हणतात. साळ्याला कसला मोह? आपल्याच बहिणीचं कुंकू कोण पुसेल? आणि एकदा धरली की माणूस वर येईपर्यंत दोरी सोडायची नाही, अंगावर साप चढला तरी नाही. बापानं मला हे शिकवलं आणि मेला. आज मी या रीतीवर थुंकतो, पण तेव्हा ती माझ्या हाडात होती.

डोमा हे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकुनबाईचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. आमच्या करडीच्या आसपासच्या पाच-सहा गावांत तलावाचं तुडुम उघडायला त्यांनाच बोलावणं यायचं. तुडुम म्हणजे तळाशी असलेलं पाणी सोडायचं भोक. धानाला पाणी हवं झालं की कुणीतरी खाली जाऊन त्याचा लाकडी खुंटा काढावा लागतो. भाटवे खाली गेले की पाळीवरचे, तलावाच्या बांधावरचे लोक विडी पेटवत, आणि ती अर्धी व्हायच्या आत भाटवे वर. "खाली मस्त थंडं हाये, तुमी कायले उन्हात मरून राह्यले?" असं विचारून फिदीफिदी हसायचे. तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांची दोरी मी धरत आलो.

मग वैनगंगेवर कारखान्याचं पंपघर झालं. सात मैलांवर धातू वितळवायची भट्टी होती, आणि तिच्या अंगाभोवती पाणी खेळतं ठेवायचं ते आमच्या नदीचं. मी वायरमनचा कोर्स केलेला, म्हणून ऐंशी साली पंपावर ऑपरेटर लागलो. विजेच्या तारा आमच्या छपरांवरून जायच्या आणि छपराखाली कंदील असायचा, तरी खाकी कपड्यांनी माझी मान ताठ झाली. शकुनबाई तर बाजारात सांगत फिरायची, "आमचा तेजराम नदी चालवते."

नदीच्या पात्रात एक गोल विहीर बांधली होती. तिच्या तळाशी पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी. उन्हाळ्यात त्या जाळीला शेवाळ, चिंध्या, पोती येऊन बसत आणि पाणी कमी व्हायचं. जाळी साफ करायला बुडी मारणारा हवा होता. साहेबांना भाटव्यांचं नाव मीच सुचवलं.

आता स्टार्टरचं सांगतो. मोटार चालू करायला त्याची दांडी वर करायची. लाइन गेली की दांडी आपोआप खाली पडते, आणि लाइन परत आली तरी माणसानं हातानं वर केल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. कुणा शहाण्यानं विचार करून केलेली सोय आहे ती. पण त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात लाइन दिवसातून दहादा जायची. एकदा मी जेवायला घरी गेलो, मागे लाइन येऊन पाऊण तास झाला आणि तिकडे भट्टी तापली. इंजिनियर साहेब जीपमधून उतरले ते चार माणसांसमोर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरीच बस." दुसऱ्या दिवशी मी दांडी वरच बांधून टाकली. भाकर बांधायला शकुनबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा दिला होता, त्याच्या हिरव्या काठाची चिंधी फाडली. आता लाइन आली की मोटार आपली आपण सुरू. साहेबांना ती चिंधी दिसत होती. कधी एका शब्दानं विचारलं नाही, उलट खूश होते.

त्या वैशाखातल्या दुपारी पाणी फारच कमी येत होतं, म्हणून भाटव्यांना बोलावलं. ते आले आणि तेवढ्यात लाइन गेली. एरवी बुडीच्या आधी मी चिंधी सोडून दांडी खाली पाडायचो. त्या दिवशी मोटार आधीच गप्प झाली होती.

"लाइन गेली का बे?" भाटव्यांनी विचारलं.

"आत्ताच गेली. घंटाभर तरी नाई येत."

"मंग तेवढ्यात होऊन जाते." त्यांनी कमरेला दोरी बांधली आणि टोक माझ्या हातात दिलं.

दांडी बांधलेली आहे हे मी विसरलो. याच्यापुढं काही कारण नाही, विसरलो.

दोन बुड्यांत त्यांनी टोपलंभर घाण वर आणली. तिसऱ्यांदा खाली गेले आणि माझ्या पाठीमागं पंपघरात मोटार घुरघुरली.

दोरी एकदम ताठ झाली. मी ओढली, ती हलेना. जाळी एका बाजूनं फाटलेली होती आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत खेचला गेला होता, हे नंतर कळलं. खालून मोटार ओढत होती आणि वरून मी. दोरी टाकून पंपघरात धावलो असतो, चिंधी तोडली असती, तर भाटवे वर आले असते. मला ते सुचलं नाही असंही नाही. सुचलं, पण हात उघडेनात. पाय रोवून, दातओठ खात मी ओढत राहिलो. तळव्यांची साल निघाली, दोरी लाल झाली. एक आख्खी विडी संपेल एवढा वेळ तरी गेला असेल. मग दोरीत खालून काहीच जाणवेना, तेव्हा ती सोडली आणि धावलो.

चिंधी तोडून मी आधी खिशात कोंबली आणि मग गावाकडं ओरडत सुटलो. आधी चिंधी, मग गाव. एवढी अक्कल मला त्या वेळी होती.

शकुनबाई रडून रडून कोरडी झाली होती. तिसऱ्या दिवशी तिनंच माझ्या तळव्यांना हळद-तेल लावलं, त्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे हात दाखवले. "पाहा वो, चामडं गेलं पण दोरी नाई सोडली माह्या भावानं." लोक माझ्या पाया पडायचे बाकी राहिले होते. मी खाली मान घालून बसलो. चिंधी खिशातच होती. दोनदा नदीवर जाऊन आलो, पण ती टाकवली नाही.

पाचव्या दिवशी पंपघरासमोर मांडव घालून चौकशी ठेवली. सकाळीच इंजिनियर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "डोमा पिऊन होता आणि तुला न विचारता उतरला, एवढंच सांग. तुझं परमनंटचं मी बघतो." भाटव्यांनी जन्मात मोहाच्या दारूला बोट लावलं नव्हतं. मी काहीच बोललो नाही, आणि साहेबांनी तोच होकार समजला.

नागपूरहून आलेले तपासणी अधिकारी कागद वाचू लागले, "मयत इसम दारूच्या अमलाखाली..."

"दारू?" मांडवाच्या दाराशी बसलेली शकुनबाई उठून उभी राहिली. "माह्या भावाले पुसा, साहेब! त्याच्या हाती दोरी होती. तो खोटं नाई बोलत."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी खिशातून चिंधी काढून टेबलावर ठेवली.

"या चिंधीनं दांडी बांधून ठेवली होती. मीच बांधली होती, लाइन आली की मोटार सुरू व्हावी म्हणून. भाटवे पेले नव्हते. लाइन येत नाई असं मीच त्याईले सांगतलं, म्हणून ते उतरले."

"शोकात आहे तो," इंजिनियर साहेब घाईनं म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चिंधी उचलून पाहिली, मग माझ्या तळव्यांवरच्या पट्ट्या पाहिल्या. दोन्हींना तोच हिरवा काठ होता. शकुनबाईही तेच पाहत होती.

माझी नोकरी तिथंच गेली. मांडव रिकामा झाला तरी शकुनबाई जागची हलली नाही. नंतर उठून विहिरीच्या कठड्याशी गेली, खाली पाहिलं आणि तिथून पंपघराच्या दाराकडं सावकाश चालत निघाली, ओठ हलवत. मी तिच्या मागं गेलो. आत मोटार चालू होती आणि नवा ऑपरेटर स्टुलावर बसला होता. स्टार्टरची दांडी सुतळीनं वर बांधलेली होती.

"अठरा पावलं," ती म्हणाली. "अठराच पावलं होती. अन् तू दोरी धरून राह्यला?"

"रीत हाये ना बाई. दोरी नाई सोडत."

तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. पट्ट्या एकेक करून उलगडल्या, नीट गुंडाळल्या आणि आपल्या कमरेला खोचल्या.

"सोडायले पायजे होती, तेजा," ती म्हणाली, आणि एकटीच घराकडं निघून गेली.